माझी गिटार अस्सल ६२ची नाही हो!

जपानमधून जुनी गिटार मागवणं सोपं आहे. विक्रेता शोधणं, पैसे भरणं, केवायसी, सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स डेस्कवर, आणि तेही एका आकड्यावरून: ६२.

गिटार म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर (लाडाने स्ट्रॅट), जपानी बनावटीची, ऐंशीच्या दशकातली. मॉडेल एसटी६२-११५, म्हणजे १९६२च्या स्ट्रॅटवर बेतलेली रीइश्यू, जुन्या नमुन्याची नवी आवृत्ती. (११५ हा तिच्या तेव्हाच्या किमतीवरून आलेला आकडा, १ लाख १५ हजार येन.) विक्रेत्याने उत्साहाच्या भरात इनव्हॉइसवर 'व्हिंटेज ६२, रोझवूड' लिहून टाकलं. झालं! डेस्कचं फर्मान आलं: '१९६२ची रोझवूडची वस्तू आहे, सायटीसचं प्रमाणपत्र जोडा.' (सायटीस म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार.)

खऱ्या ६२च्या स्ट्रॅटचा फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची (गिटारीच्या मानेवरची) बोटांखालची लाकडी पट्टी, ब्राझिलियन रोझवूडची. ते लाकूड १९९२पासून सायटीसच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर हलत नाही. रोझवूडच्या बाकी जाती, आपल्या शिसवासकट, २०१७पासून परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे जरा सैल यादीत आल्या. पण नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. माझ्या गिटारीचा फ्रेटबोर्ड विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार भारतीय रोझवूडचा, म्हणजे शिसवीच. जगभरचे लोक आपली गिटार खरी ६२ची आहे हे सिद्ध करायला जिवाचं रान करतात. मला ती तशी नाही हे पटवायचं होतं.

"सर, इनव्हॉइसवर ६२ लिहिलंय ना?"

"मॅडम, ते डिझाइनचं वर्ष आहे."

"मग मॅन्युफॅक्चरिंग इयर?"

"८४ ते ८७च्या मधलं."

"मधलं म्हणजे? एक काय ते सांगा."

आता 'ई'ने सुरू होणारे सिरीयल नंबर त्या सगळ्या वर्षांत पडले, त्याला मी काय करू? पुढच्या फोनला दुसरंच कुणी असायचं आणि गाडी पुन्हा ६२वर.

शेवटी वैतागून इतिहासच लिहून पाठवला. १९६५मध्ये संस्थापक लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली. पुढे दर्जा घसरला अशी वादकांची ओरड सुरू झाली आणि त्याआधीच्या गिटारींना भाव चढला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी टोकाईसारख्या जपानी कंपन्या जुन्या नमुन्यांच्या हुबेहूब नकला विकू लागल्या, तेव्हा १९८२मध्ये फेंडरने जपानातच आपली कंपनी काढून स्वतःच रीइश्यू आणल्या. उत्तर एका ओळीचं: 'कृपया कागदपत्र जोडा.'

काम झालं ते फोटोने. बॉडीला जिथे नेक जोडली जाते, तिथे तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'मेड इन जपान' आणि खाली सिरीयल नंबर. सोबत एकच वाक्य: १९६२मध्ये फेंडर जपानात बनत नव्हती. शिवाय सुधारित इनव्हॉइस: वापरलेली इलेक्ट्रिक गिटार, ऐंशीचं दशक, डाल्बर्जिया लॅटिफोलिया. लाकडाचं शास्त्रीय नाव दिसताच मॅडमचा सूर बदलला! हे नाव आणि हा फोटो विक्रेत्याकडून पैसे भरायच्या आधीच घ्या, नंतर तो निवांत उत्तरं देतो. 'व्हिंटेज' शब्द तर लिहूच देऊ नका. आणि गिटार खरोखरच साठीच्या दशकातली असेल, तर विक्रेत्याने निर्यातीचा परवाना दाखवल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

ड्यूटी मुकाट्याने भरली. फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत, ते बदलून घ्यावे लागतील. नेक मात्र सरळ आहे.