जुन्या पीसीवर बॅटलफील्ड ६: सिक्युअर बूटपासून कैरोच्या गल्लीपर्यंत

बॅटलफील्ड ६ हा ऑनलाइन लढाईचा गेम खेळायचा तर नवा पीसीच घ्यावा लागेल, असं आमच्या जळगावच्या मित्रमंडळींत जो तो म्हणत होता. माझ्याकडे आय५-९४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम. गेम १० ऑक्टोबर २०२५ ला आला. त्याची किमान गरज आय५-८४००, आरटीएक्स २०६०, १६ जीबी. म्हणजे काठावर का होईना, आपण पास होतो. म्हणून घेतला.

उघडल्यावर पहिल्याच स्क्रीनवर निरोप आला की सिक्युअर बूट सुरू नाही. ही अट मला पटते. गेममध्ये फसवेगिरी करणाऱ्या चीटवाल्यांचे ड्रायव्हर विंडोज उठायच्या आधीच मेमरीत शिरायला बघतात. सिक्युअर बूट सुरू असलं की अधिकृत डिजिटल सही नसलेलं काही पीसी बूट (सुरू) होताना चालत नाही, म्हणून गेमच्या जॅव्हलिन अँटिचीटला (चीट रोखणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते लागतंच. अडचण आपल्या जुन्या डिस्कची असते. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकून पाहिलं तर बायोस (विंडोजच्या आधी चालणारं पीसीचं मूळ सॉफ्टवेअर) मोडसमोर ‘लेगसी’, म्हणजे जुनी पद्धत. डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची होती, आणि सिक्युअर बूटसाठी जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क आणि यूईएफआय हा नवा बूट मोड हवा. अशा डिस्कवर बायोसमध्ये जाऊन थेट सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं तर विंडोज उठतच नाही. म्हणून आधी डिस्क, मग बायोस, हा क्रम सोडू नका.

विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे. विंडोज पुन्हा न टाकता, डेटा न पुसता ती डिस्क बदलून देते. पण व्हॅलिडेटलाच, म्हणजे डिस्क बदलता येईल का हे आधी तपासतानाच, ती अडली. आपल्याकडे दुकानात विंडोज टाकताना सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देतात. त्यात विंडोजचं छुपं सिस्टिम रिझर्व्ह्ड धरलं की चार प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) होतात, आणि या कमांडला तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. ई ड्राइव्हवर बहिणीच्या लग्नाचे फोटो आणि बाबांचे शेताचे कागद स्कॅन करून ठेवलेले. ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, काही फोटो उघडून खात्री केली, मगच ई डिलीट केला. व्हॅलिडेट पास झालं.

डिस्क कन्व्हर्ट होत असताना लाइट गेली तर सगळंच बसेल, आणि आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. पीसी इन्व्हर्टरच्या लाइनीवर घेतला आणि मगच एंटर दाबलं. काम काही मिनिटांत झालं. तुमच्याकडे बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी तो थांबवून घ्या. मग बायोसमध्ये सीएसएम बंद, इंटेल पीटीटी चालू (हेच टीपीएम २.०, पीसीतली सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट एनेबल्ड. तरीही खाली ‘नॉट ॲक्टिव्ह’ दिसत होतं. फॅक्टरी कीज (सही तपासायच्या मूळ किल्ल्या) रिस्टोअर केल्यावर ते ‘ॲक्टिव्ह’ झालं आणि गेम सुरू झाला.

गेम सुरू झाला तरी मोठ्या लढाईत झटके बसत होते. १०८०पी, लो सेटिंग, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून कार्डाचा भार हलका करणारी सोय) क्वालिटीवर; कार्ड निवांत आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला. ६४ जण, कोसळणाऱ्या भिंती, रणगाडे, या सगळ्यांचा हिशोब प्रोसेसर करतो, म्हणून ग्राफिक्स आणखी कमी करून उपयोग नव्हता. माझ्या पीसीत १६ जीबीची एकच स्टिक होती. दुसरी टाकून ड्युअल चॅनल केलं, म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र वापरात आणल्या, आणि फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाकल्या. फरक लगेच कळला. कुलरच्या पात्यांवर जिनिंगकडून उडत येणाऱ्या कापसाच्या तंतूंचा थर बसला होता, तोही ब्रशने काढला. खानदेशात राहणाऱ्यांनी हे दर हंगामात करावंच.

आणि गेम? मला मनापासून आवडला. २०२१ च्या बॅटलफील्ड २०४२ मध्ये १२८ जणांचे सामने होते, पण मैदानं रिकामी वाटायची. इथे कॉन्क्वेस्ट (मैदानातल्या जागा काबीज करायचा मोड) पुन्हा ६४ वर आलंय, असॉल्ट, इंजिनिअर, सपोर्ट, रेकॉन हे चार क्लास (सैनिकांचे प्रकार) परत आलेत आणि प्रत्येकाला काम आहे. कैरोच्या मॅपवर एका जळक्या गाडीमागे मी पडलो. धुळ्याचा मामेभाऊ धुरातून आला, मला ओढत भिंतीच्या आडोशाला नेलं आणि ओढता ओढताच उठवलं. हेडफोनमध्ये त्याचा आवाज, “दादा, आते मजा उनी!” (आता मजा आली!) पाठोपाठ रणगाड्याच्या गोळ्याने ती भिंतच ढासळली. अशा वेळी आवाजाचं काम ऐकत राहावंसं वाटतं: गोळी गल्लीत वेगळी वाजते, उघड्यावर वेगळी.

भुसावळचा आमचा गडी मात्र नाराज आहे. मॅप लहान आहेत, स्नायपरला दम खायला जागा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं थोडं बरोबर आहे. ऑपरेशन फायरस्टॉर्म आणि मिराक व्हॅली हे मोठे मॅप सोडले तर हेलिकॉप्टरवाल्यांची कुचंबणा होते. मी सपोर्ट खेळतो, त्यामुळे मला गल्लीबोळच बरे वाटतात.

मिराक व्हॅलीवर गर्दी झाली की माझ्या फ्रेम अजूनही पन्नासच्या खाली येतात. याच बोर्डात आठ कोअरचा आय७-९७०० बसतो, तो सेकंडहँड मिळतोय का ते बघतोय. कार्ड बदलायचा सध्या तरी विचार नाही.