बॅलेरिना कुणाला म्हणावे?

बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकारातली, चवड्यांवर तोललेली, झिरझिरीत पांढऱ्या झग्यातली कुणीही नर्तकी दिसली की आपण तिला ‘बॅलेरिना’ म्हणून मोकळे होतो. इटालियन माणसाला यात काहीच गैर वाटणार नाही, कारण त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नाचणारी’ एवढाच आहे. झारच्या रशियात मात्र हे वरच्या मोजक्या नर्तकींचे पद होते, आणि त्याच्याही वर ‘प्रिमा बॅलेरिना असोलुता’ हा किताब असे. तो मिळवणाऱ्या पिएरिना लेन्यानीने 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. तेव्हापासून त्या 32 गिरक्या प्रत्येक नव्या नायिकेच्या मागे लागल्या आहेत.

पॅरिस ऑपेराच्या बॅले मंडळीत तर ‘बॅलेरिना’ अशी पायरीच नाही. तिथे नृत्यशाळेत शिकणारी मुले म्हणजे ‘पती रा’, अर्थात छोटे उंदीर. चित्रकार देगाच्या प्रसिद्ध पुतळ्यातली चौदा वर्षांची मुलगी त्यांच्यातलीच. मंडळीत प्रवेश मिळाला की काद्रीय, मग कोरिफे, स्युजे, प्रमिएर दान्सूझ आणि सर्वांत वर एत्वाल, म्हणजे तारका. मधल्या पायऱ्या परंपरेने परीक्षकांपुढे नाचून चढायच्या असतात. एत्वालपदासाठी परीक्षा नसते, नियुक्ती होते आणि ती पुष्कळदा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच जाहीर केली जाते.

मला स्वतःला तारकेपेक्षा कोरिफे हा शब्द अधिक भावतो. ग्रीक नाटकातल्या वृंदाच्या म्होरक्यावरून तो आला. भजनात टाळकऱ्यांपुढे उभे राहून चाल धरणाऱ्या बुवांसारखे ते स्थान. समूहातल्या नर्तकींची खरी कसोटी पाहायची असेल, तर ‘स्वान लेक’मधल्या चार हंसपिलांचे नृत्य पाहावे. चौघी हातांच्या कैच्या करून एकमेकींना धरतात, पावले चपळ पडतात आणि माना एकाच क्षणी वळतात. एकीची मान जराशी मागे राहिली, तरी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खटकते. अशा नाचात नाव कमावणे अवघड, घालवणे सोपे.

पुरुष नर्तकाला फ्रेंचमध्ये ‘दान्सर’ म्हणतात. ‘बॅलेरिनो’ हा शब्द इटलीबाहेर फारसा रुजला नाही. गंमत अशी, की 1681 पर्यंत ऑपेराच्या रंगमंचावर स्त्रीभूमिकाही पुरुषच नाचत असत, ज्याचे संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी रसिकाला फारसे नवल वाटू नये.

पॅरिसमध्ये निवृत्तीचे वय 42 आहे आणि ते काद्रीयला लागू आहे तसेच एत्वाललाही. फरक इतकाच, की एत्वालसाठी निरोपाचा प्रयोग ठेवतात आणि त्याची तिकिटे मिळता मिळत नाहीत.