फिश-ओन्ली टाकीची नोंद: ३५ वरून ३१ वर

माझ्या खाऱ्या पाण्याच्या चार फुटी मत्स्यटाकीतले उरलेसुरले कोरल मित्राकडे गेले, त्यांच्यासोबत गोगलगायी आणि हर्मिट खेकडेही. आता टाकी निव्वळ माशांची. दोन क्लाऊन, एक फॉक्सफेस, दादागिरी करणारे थ्री-स्ट्राइप डॅमसेल आणि दगडाखालून नुसतं तोंड बाहेर काढून बसणारी स्नोफ्लेक ईल. समप (मुख्य टाकीला जोडलेली फिल्टरची टाकी) धरून आणि वाळू-दगड वजा करून पाणी साधारण २०० लिटर.

कोरल होते तोवर सॅलिनिटीचा, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचा, विचारच करावा लागत नव्हता. ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ), म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत १.०२६ पट जड, विषय संपला. फक्त मासे म्हटलं की मात्र १.०१८ पासून १.०२६ पर्यंत जो तो आपापला आकडा सांगतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचेच मासे धडधाकट असतात. कारणही सरळ आहे. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारं असतं. तो दिवसभर खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही यंत्रणा दणकट असते, ३५ आणि ३० मधला फरक ती सहज पचवते. शार्क-रे मंडळींचं गणित वेगळं, त्यांना ३५ च्या आसपासच ठेवावं.

म्हणून मी प्रश्न फिरवला: माझ्या घरात कुठला आकडा चुकला तरी निभावेल?

डोंबिवलीचा मे महिना. पाणी थंड करणारा चिलर नाही, समपवर पंखा. रोज ४ ते ५ लिटर पाणी उडतं आणि मीठ सगळं मागे राहतं. टॉपअप, म्हणजे उडालेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई, दोन दिवस हुकला की २०० चे १९० लिटर होतात. ३५ वर असाल तर थेट ३६.८. ३१ वर असाल तर ३२.६, म्हणजे अजूनही कित्येक समुद्रांत नेहमी असते तेवढीच. वर चढायला जागा हवी, खाली फार जायचं नाही, म्हणून ३१. साधारण १.०२३.

दुसरं कारण दुकानाचं. इथे बरेच दुकानदार मासे १.०१८ च्या आसपास ठेवतात. तिथून ३५ गाठायचं म्हणजे ११ पीपीटीची चढण. माशाला खारेपणा उतरलेला चालतो, पण झपाट्याने चढलेला सोसत नाही. ३१ ला सातच पायऱ्या. क्वारंटाइन टबमध्ये रोज एक-एक पीपीटी वाढवत गेलं की आठवड्यात काम होतं.

मिठाच्या बचतीसाठी आकडा खाली आणणाऱ्यांसाठी हिशेब देतो. ४ पीपीटी म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅम. आठवड्याला २० लिटर बदलले तर ८० ग्रॅम. महिन्याला साधारण साडेतीनशे ग्रॅम. एवढ्यासाठी कुणी आकडा ठरवू नये. ऑक्सिजनचंही तसंच: कमी खाऱ्या पाण्यात तो जास्त विरघळतो हे खरं, पण ३५ आणि ३१ मध्ये फरक दोन-अडीच टक्क्यांचा. लाइट गेल्यावर बॅटरीचा एअर पंपच कामाला येतो.

आणि १.०१८ वर ठेवलं की व्हाइट स्पॉट (माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) येत नाही, हा समज तर सोडूनच द्या. तो रोग आणणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीला १.०१८ ने काही फरक पडत नाही. उपचार म्हणून सॅलिनिटी उतरवायची तर वेगळ्या टाकीत १.००९ पर्यंत, तीही काही आठवडे टिकवून, रोज मोजून. अधलामधला आकडा म्हणजे रोगही जात नाही आणि स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण कपात गोळा करणाऱ्या यंत्राचा) फेसही बसतो.

आता मोजण्याबद्दल, कारण खरा घोळ तिथेच असतो. पाण्यात तरंगवून खारेपणा मोजायचे काचेचे बरेच हायड्रोमीटर १५.६ अंश तापमानासाठी आखलेले असतात. २८ अंशांच्या टाकीत बुडवला की तो साधारण ०.००३ कमी दाखवतो. म्हणजे कुणी 'माझी १.०२३ आहे' म्हणाला तर ती प्रत्यक्षात १.०२६ असू शकते. दुसऱ्याचा आकडा उचलण्याआधी त्याने कशाने मोजलं ते विचारा. रीफ्रॅक्टोमीटरही (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. बाजारातले पुष्कळ रीफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या ३५ ला ३६.५ दाखवतात. घरचा इलाज: ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. काचेवर दोन-तीन थेंब, झाकण टेकवताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबायचं, मग निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा स्क्रूने ३५ वर आणायची. द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. पाणी उडालं की प्रमाण बिघडतं.

उतरवण्याचं काम सोपं निघालं. रोज ५ लिटर टाकीतलं पाणी काढायचं, तेवढंच आरओ समपमध्ये हळूहळू सोडायचं. दर खेपेला पाऊण-एक पीपीटी उतरते. माशांच्या खाण्यात काडीचा फरक नाही. ईल तर चिमट्यावरच झडप घालत होती. खारेपणाबरोबर केएच (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) मात्र पातळ होतो, ८ चा ७ वर आला. २०० लिटरला एक अंश चढवायला ६ ग्रॅम बेकिंग सोडा पुरतो. तो पाण्यात विरघळवून घातला.

पावसाळा लागल्यापासून गणित उलटं झालंय. हवा इतकी दमट की पंखा नुसता फिरतो, पाणी फारसं उडत नाही. त्यात स्किमर ओला चालला आणि कप भरून वाहिला, तर फ्लोट स्विच (पातळी उतरली की बादलीतलं पाणी आपोआप सोडणारा) तेवढी जागा गोड्या पाण्याने भरून काढतो. असे ५ लिटर गेले की ३१ चे ३०.२. म्हणून कपात जेवढं जमतं तेवढं खारं पाणी परत घालतो आणि टॉपअपची बादली मुद्दाम छोटी, दहा लिटरचीच ठेवलीय. फ्लोट अडकलाच तर सगळी रिकामी होऊनही टाकी २९.५ च्या खाली जाणार नाही.

सध्याचे आकडे: ३१ पीपीटी, २७.५ अंश, केएच ८, नायट्रेट ३० च्या आसपास. नायट्रेटकडे बघायला हवं. पुढचा पाहुणा पफर. दुकानात पाहून ठेवलाय, पण आधी तिथल्या पाण्याचे दोन थेंब रीफ्रॅक्टोमीटरवर घेणार आणि त्याच आकड्याचा टब भरून मगच त्याला आणणार.