रविवारचं काय

काल वास्तुशांतीच्या पंगतीत सुध्या जिलबी वाढायला आला आणि ताटावर वाकून म्हणाला, "वेताळाचं बाइंडिंग तुझ्याकडेच असेल ना गं?" मी म्हणाले, "कुठलं रे?" तो हसला, नको म्हणत असताना दोन जिलब्या जास्त वाढल्या आणि पुढे गेला. मन्या शेजारच्याच पाटावर होता. तो मठ्ठा पीत राहिला.

कुठलं रे! जशी काही आमच्याकडे वेताळाच्या कॉमिक्सची, म्हणजे फँटमच्या एकत्र बांधलेल्या अंकांची, डझनभर बाइंडिंगं होती.

रात्री डोळा लागेना, म्हणून ईराच्या शेजारी जाऊन बसले. ती 'सिम्प्सन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका बघत होती, दुसऱ्या सीझनमधला भाग, मे १९९१ चा. आता याला योगायोग म्हणायचं की माझी खोड काढणं? त्यातल्या बार्ट नावाच्या पोराला दुकानात 'रेडिओॲक्टिव्ह मॅन' या कॉमिकचा पहिला अंक दिसतो. किंमत १०० डॉलर. पोराकडे एवढे पैसे कुठले? शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ग्लिककडे राबतो, तण उपटतो, ओरखडे काढून घेतो, त्यावर आयोडीन लावून घेतो, आणि शेवटी हातात पडतात पन्नास सेंट. ईरा लोळून लोळून हसत होती. मला मात्र आमच्या वाड्यातल्या काकूंची ती लोणच्याची बरणी आठवली. असो.

मग बार्ट, मिलहाउस आणि मार्टिन वर्गणी काढतात आणि तिघांत मिळून तो एक अंक घेतात. रेडिओॲक्टिव्ह मॅन म्हणजे क्लॉड केन नावाचा माणूस. अणुचाचणीच्या जागी काटेरी तारेत पँट अडकते, तेवढ्यात बॉम्ब फुटतो आणि हा मरायच्या ऐवजी महाबली होतो. पँट अडकली म्हणून! आमच्या वेताळाला बिचाऱ्याला कवटीवर हात ठेवून पिढ्यान् पिढ्या शपथा घ्याव्या लागल्या.

अंक घरी आल्यावर ते वार वाटून घेतात. सोमवार-गुरुवार बार्ट, मंगळवार-शुक्रवार मिलहाउस, बुधवार-शनिवार मार्टिन. आणि मग कुणीतरी विचारतं, रविवारचं काय?

इथं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

कारण आम्हीही वाटले होते. वार नाही, आठवडे. ते बाइंडिंग रद्दीवाल्याकडे पंच्याहत्तर रुपयांत मिळालं होतं, पंचवीस-पंचवीस काढले होते. वेताळ छापणारं इंद्रजाल कॉमिक्स बंद पडून दोनेक वर्षं झाली होती, त्यामुळे आता नवीन वेताळ येणार नाही ही धास्ती तिघांनाही होती. सुट्टीचा शेवटचा आठवडा माझा आला. मग शाळा सुरू झाल्या, सुध्याच्या बाबांची बदली झाली, मन्याकडे ते सगळं झालं, आणि माझा आठवडा काही संपला नाही. तेहतीस वर्षं चालू आहे.

चोरलं नाही मी. कुणी मागितलंच नाही. हे वाक्य मी रात्रीपासून वीसेक वेळा म्हटलंय, आणि दर वेळी त्याच्या मागोमाग "कुठलं रे?" ऐकू येतं. मागितलं नव्हतं तोवर ठीक होतं. काल मागितलं की! म्हणजे नीटसं मागितलंही नाही, नुसतं विचारलं. "हो, माळ्यावर आहे" म्हणायला काय जात होतं? ताटात जिलबी त्याची, घर त्याचं, आनंदाचा दिवस त्याचा. मला मेलीला एवढंही जमू नये. माझ्याच वाट्याला नेहमी असं का येतं, की मी वाईट वागेन तेव्हाच नेमकी माणसं चांगली वागतात?

तिकडे बार्टच्या झाडावरच्या घरात तिघंही मुक्कामाला. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून. रात्री मार्टिन उठतो तर बार्टला वाटतं चोरायला निघाला, त्याला बांधूनच ठेवतो. मग वादळ, मारामारी, मिलहाउस कडेवरून लोंबकळतोय, बार्टनं त्याला धरलंय आणि अंक वाऱ्यानं सरकत चाललाय. बार्ट मिलहाउसला सोडत नाही. अंक उडतो, वर वीज पडते, कोळसा. सकाळी तिघं चिखलात बसतात. वाटून घेता आलं नाही म्हणून हातात काहीच उरलं नाही, हे बार्टला कळतं. मिलहाउस विचारतो, मग तुझं म्हणणं काय? तर काही नाही, नुसता वैताग आलाय.

बार्टचं बरं आहे, वीज पडली. सगळ्यांचं एकदम गेलं, त्यामुळे पुढच्या भागात पोरं परत मित्र. माझ्या माळ्यावर वीज कुठून पडणार? साधी वाळवीसुद्धा लागली नाही. डांबराच्या गोळ्या मीच घालते ना दर दिवाळीला.

ईरा म्हणाली, पुढे १९९५ मध्ये त्याच हीरोवर सिनेमा काढतात त्यांच्या गावात, आणि हीरोच्या साथीदाराच्या, फॉलआउट बॉयच्या, कामासाठी बार्ट उंचीला एक इंच कमी पडतो. मिळतं कुणाला, तर मिलहाउसला. आणि त्याला ते नकोच असतं, पळून जाऊन लपतो. मी म्हटलं, झोप आता.

पण खरंच, मला तरी ते कुठं हवं होतं? इंद्रजालमधला जादूगार मँड्रेकच जास्त आवडायचा मला. तेहतीस वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं.

आज दुपारी स्टूल घेऊन चढले. शिंका आल्या. खाकी पुठ्ठा, पाठीला लाल कापड. पहिल्या पानावर तीन नावं, तीन रंगांच्या पेनांनी. माझं सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे, नवल नाही. फोटो काढला. सुध्याला पाठवायचा म्हणून चार ओळी लिहिल्या, खोडल्या, मग "हे का?" एवढंच लिहिलं. तेही अजून पाठवलेलं नाही.

आणि शेवटच्या गोष्टीचं शेवटचं पान नाहीये. ते मन्यानं फाडलं होतं, त्याच्याच आठवड्यात, बोरं ठेवायला. याबाबतीत मी आजही ठाम आहे.