सीडी ड्राइव्ह नाही आणि पेन ड्राइव्हही दिसत नाही: छोट्या लॅपटॉपवर डेबियन टाकताना

गावातल्या वाचनालयाला एका सभासदाने आपला छोटा लॅपटॉप देऊन टाकला होता. अकरा इंची स्क्रीन, इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी मदरबोर्डवरच बसवलेली ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे साठवणीची चिप. २०१४-१५ च्या सुमारास अशी स्वस्त यंत्रं बाजारात बरीच आली होती. त्यावर विंडोज १० होतं आणि ते त्या ३२ जीबीत मावत नव्हतं. अपडेट उतरवून घ्यायलाही जागा उरलेली नव्हती. पुस्तकांची यादी उघडेपर्यंत सभासद पुस्तक हातात घेऊन ताटकळत उभा राहायचा. शिवाय विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे तो रस्ता बंदच.

तालुक्याच्या दुकानात उत्तर मिळालं, "याला सीडी ड्राइव्ह नाही, बाहेरून जोडायचा आणावा लागेल. आणि खरं सांगू का, यात आता राम नाही." मला ते पटलं नाही. याद्या करणं, नोंदी ठेवणं, पत्र टाइप करणं एवढ्यासाठी हा प्रोसेसर पुरेसा आहे. चालू यंत्र भंगारात जाताना बघवत नाही, आणि नवीन घ्यायला वाचनालयाकडे पैसे कुठून येणार? मी ग्रंथपाल काकूंना म्हटलं, "काकू, तुमच्या फाइली आधी दुसरीकडे काढून ठेवते, मग याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघू." त्या म्हणाल्या, "बघ बाई, यादी तेवढी जाऊ देऊ नकोस." यादी दोन ठिकाणी उतरवून घेतली आणि दोन्हीकडे उघडून पाहिली. या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण पुढे ईएमएमसी पूर्ण पुसली जाणार होती.

माझ्याकडे दुसऱ्या एका लिनक्सचा तयार पेन ड्राइव्ह होता. घरच्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित बूट होतो, म्हणजे त्यावरून यंत्र सुरू होतं. इथे तो बूटच्या यादीत येईना. विंडोजमधून बंद करताना शिफ्ट दाबून ठेवून यंत्र खरोखर पूर्ण बंद केलं, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं की नुसत्या शटडाउनने ते अर्धवट झोपतं. मग एफ२ दाबून सेटिंगमध्ये गेले, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद केलं, दुसरा यूएसबी पोर्ट वापरून पाहिला. यादीत फक्त विंडोज.

उलगडा झाला तो विंडोजच्याच 'अबाउट' पानावर. तिथे लिहिलं होतं: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. वरवर पाहता यात काही विशेष नाही, पण यूईएफआय, म्हणजे यंत्र चालू होताच आधी जागं होणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर, असलेल्या यंत्रावर विंडोज जितक्या बिटांचं असतं तितक्याच बिटांचं फर्मवेअर असावं लागतं. म्हणजे प्रोसेसर ६४-बिट असला तरी यंत्र सुरू करणारं फर्मवेअर ३२-बिट होतं. या पिढीच्या स्वस्त अ‍ॅटम यंत्रांमध्ये हा प्रकार सर्रास आढळतो.

पेन ड्राइव्हवरून बूट होताना यूईएफआय त्यावरच्या फॅट पार्टिशनमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर, त्यात बूट नावाचा फोल्डर आणि त्यात एक ठरलेली फाइल शोधतं. ६४-बिट फर्मवेअरसाठी तिचं नाव बूटएक्स६४, ३२-बिटसाठी बूटआयए३२. माझ्या पेन ड्राइव्हवर पहिली होती, दुसरी नव्हतीच. फर्मवेअरच्या दृष्टीने तो पेन ड्राइव्ह रिकामा होता. कुठलंही असं यंत्र समोर आलं की मी आता 'पेन ड्राइव्ह का दिसत नाही' असं विचारत नाही, 'हे यंत्र कुठली फाइल शोधतंय' असं विचारते. या प्रश्नाला उत्तर असतं आणि ते तपासता येतं.

डेबियन १२ या लिनक्सच्या ६४-बिट इमेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉल करायच्या एकसंध फाइलमध्ये, या दोन्ही फाइली आहेत. त्याची नेटइन्स्ट इमेज साधारण साडेसहाशे एमबीची, बाकीचं सामान ती इंटरनेटवरून आणते. उतरवल्यावर आधी चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, ताडून पाहिला. विंडोजवर त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल हॅशफाइल देऊन एसएचए२५६ प्रकारचा चेकसम काढता येतो. गावाकडच्या नेटवर उतरवताना फाइल अर्धवट राहू शकते, आणि अशी इमेज इन्स्टॉल होताना मधेच दगा देते.

पुष्कळ जण ही इमेज, म्हणजे आयएसओ फाइल, सरळ पेन ड्राइव्हवर कॉपी करतात. त्याने काही होत नाही, ती तिथे नुसती एक फाइल म्हणून पडून राहते. सीडीवरून बूट करण्याचा 'एल टोरिटो' नावाचा संकेत १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने आणला, आयएसओ मुळात सीडीसाठीचीच. डेबियनची इमेज मात्र संकरित असते: सीडीवर लिहिली तरी चालते आणि पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी, बिटागणिक उतरवली तरी चालते. मी रुफस हे पेन ड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर वापरलं. इमेज संकरित आहे हे ओळखून ते आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतं, तिथे बिटागणिक उतरवणारा डीडी निवडला. त्यानंतर विंडोज तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू का असं विचारू शकतं, त्याला नाही म्हणायचं.

पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं, तर यादीत त्याचं नाव आलं! ग्राफिकल इन्स्टॉलर घेतला आणि भाषा मराठी निवडली. टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये मराठी मिळत नाही, देवनागरी जोडाक्षरं दाखवायला ग्राफिकलच लागतो. काही वाक्यं पुस्तकी आहेत, पण कुणीतरी बसून हे सगळं मराठीत आणलंय याचं मला फार अप्रूप वाटलं. कळफलकाच्या पायरीला मात्र इंग्रजी ठेवलं, पासवर्ड टाइप करताना घोळ नको.

इंटरनेटसाठी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं. इन्स्टॉलरला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, वायफाय ड्रायव्हरची वाट बघत बसावं लागत नाही. आतली रियलटेकची वायफाय चिप नंतर आपोआप चालली. डेबियन १२ पासून अशा चिपांचं फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच येतं, आधी ते वेगळं शोधून आणावं लागायचं.

पार्टिशनच्या पडद्यावर मी बराच वेळ थांबले. साध्या लॅपटॉपवर एसडीए म्हणजे बहुधा आतली डिस्क. इथे एसडीए हा पेन ड्राइव्ह होता, आणि आतल्या ईएमएमसीचं नाव एमएमसीबीएलके०. तिच्या खाली बूट०, बूट१ नावाचे काही एमबींचे तुकडे दिसतात, त्यांना हात लावायचा नाही. नावावर न जाता आकार बघायचा: ३१ जीबीच्या आसपास दिसतेय ती आपली. ती पूर्ण वापर असं सांगितलं आणि डेस्कटॉप म्हणून हलका एक्सएफसीई घेतला. ग्नोम हा दुसरा, जड डेस्कटॉप २ जीबीत फार रेटावा लागतो.

इन्स्टॉल झालं, पेन ड्राइव्ह काढला, आणि यंत्र थेट फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बसलं. काकूंचा चेहरा उतरला. पण प्रश्न तोच होता, हे कुठली फाइल शोधतंय? काही फर्मवेअर नव्या सिस्टिमची नोंद लक्षातच ठेवत नाहीत, ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल असेल तरच पुढे सरकतात. पुन्हा पेन ड्राइव्ह लावून प्रगत पर्यायांतून रेस्क्यू मोडमध्ये गेले, आपलं रूट पार्टिशन निवडलं. तिथे ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, 'रिमूव्हेबल मीडिया'च्या मार्गावर बळेच बसवण्याचा पर्याय असतो, तो दिला. त्याने ग्रबची एक प्रत बूटआयए३२ या नावाने ईएमएमसीवरही ठेवली. पुढच्या वेळी लॉगिनचा पडदा आला.

नंतरची कामं छोटी होती. या प्रोसेसरवर लिनक्स अधूनमधून गोठतं अशी जुनी तक्रार आहे. लिनक्सच्या नव्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ती बरीच कमी झालीय, तरी ग्रबच्या सेटिंगमध्ये इंटेल आयडलची कमाल सी-स्टेट १ करून ठेवली, म्हणजे प्रोसेसर फार गाढ झोपत नाही. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण वाचनालयात यंत्र कायम चार्जरवरच असतं. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली की लागणाऱ्या जागेसाठी, झेडरॅम घातला; तो रॅममध्येच माहिती दाबून ठेवतो, म्हणजे ईएमएमसीवर सारखं लिहिलं जात नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला, तो काकूंच्या हातात बसलेलाच आहे. मराठीसाठीचा वेगळा लोहित फॉन्टही टाकला. पाकळीचा ल आणि देठाचा श पडद्यावर आले तेव्हा काकूंनी लगेच ओळखलं, "हे आपलं वळण." यादी लिब्रेऑफिसमध्ये उघडली, एकही ओळ हललेली नव्हती.

हे झाल्यावर आणखी एका सभासदाने अ‍ॅटम एन२७० चा नेटबुक आणून दिलाय. त्याचं गणित वेगळं आहे: प्रोसेसरच ३२-बिट, आणि यूईएफआयऐवजी जुना बायोस. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, त्यामुळे त्यावर १२ चीच आय३८६ (३२-बिट) इमेज टाकणार आहे. तिचा दीर्घकालीन पाठिंबा जून २०२८ पर्यंत आहे. रॅम १ जीबी, म्हणून डेस्कटॉप एलएक्सडीई. त्याच्यावर वर्तमानपत्रांच्या कात्रणांची सूची करायचं काकूंनी ठरवून टाकलंय.