वॉट कमी, गॅल्व्हो चांगला: आमची वाटचाल

लेझर शोची साधनं घ्यायला येणाऱ्या हौशी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: किती वॉटचा? आमच्याकडून त्याला उत्तराऐवजी दोन प्रश्नच मिळतात. जागा केवढी आहे, आणि हवेत किरण दाखवायचेत की भिंतीवर चित्र काढायचंय? अंधाऱ्या खोलीत हलका धूर असेल तर दोन-तीनशे मिलिवॉटमध्ये किरण झकास दिसतात. भिंतीवरच्या अक्षरांना त्याहून कमी पुरतं. पैसे वाचवायचे असतील तर कात्री वॉटला लावायची, आरसे हलवणाऱ्या गॅल्व्होला नाही. आमचे बहुतेक निर्णय या एका हिशेबातून निघालेत.

सुरुवात मात्र लेझरपासून झाली नाही आणि गॅल्व्होपासूनही नाही. आधी विकायला काढलं ते बदल केलेलं यूएसबी साउंड कार्ड. लेझर चित्राला पाच सिग्नल लागतात: एक्स (आडवी जागा), वाय (उभी जागा) आणि लाल, हिरवा, निळा. ५.१ साउंड कार्डावर सहा वाहिन्या असतात आणि सेकंदाला ४८,००० नमुने मिळतात, म्हणजे कागदावर तरी ते तयार डॅकच, आकड्यांचं व्होल्टेज करणारं साधन. अडचण असते आउटपुटवरच्या कपॅसिटरची. तो स्थिर व्होल्टेज अडवतो, त्यामुळे कोपऱ्यात धरलेला ठिपका हळूहळू मध्याकडे सरकतो आणि एका बाजूला जड असलेलं चित्र जागा सोडतं. चिप आणि जॅक यांच्यामधला प्रत्येक वाहिनीचा कपॅसिटर काढून तिथे तारेचा तुकडा जोडायचा. मग आउटपुट चिपच्या पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर बसतं. तेवढं व्होल्टेज ऑप-अँप या सिग्नल वाढवणाऱ्या चिपने वजा करायचं आणि उरलेला सिग्नल हवा तेवढा वाढवायचा. बस्स.

आजही ज्याला सोल्डरिंग येतं आणि फक्त चव घ्यायची आहे त्याला आम्ही हाच मार्ग सुचवतो. दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमचे आवाज सुधारणारे सगळे पर्याय बंद करायचे, नाहीतर चित्र वाकडं येतं. आणि या कार्डाला सिस्टिमचं मुख्य आउटपुट कधीच करायचं नाही. सूचनेचा साधा ‘टिंग’ वाजला तरी तो थेट गॅल्व्होला आणि लेझरला जातो.

साउंड कार्डाची मर्यादा दुसरीकडे आहे. संगणक अडखळला की शेवटी काय बाहेर जाईल याची हमी नसते. म्हणून पुढची पायरी होती स्वतःचा डॅक. त्यात एमसीपी४९२२ ही दोन वाहिन्यांची १२ बिटांची चिप एक्स आणि वायसाठी, रंगांसाठी वेगळा ८ बिटांचा डॅक, एक मायक्रोकंट्रोलर आणि शेवटी चार ऑप-अँपची एक चिप. ‘१६ बिट का नाही?’ असं हमखास विचारलं जातं. चार मीटर रुंद चित्राचे ४,०९६ भाग केले तर एक पायरी जेमतेम एक मिलिमीटरची होते. दहा मीटरवर किरणाचा ठिपकाच सेंटिमीटरभर असतो, तिथे मिलिमीटरची पायरी कुणाला दिसणार?

या चिपवर एलडॅक नावाची पिन असते. अनेक जण ती थेट ग्राउंडला जोडून मोकळे होतात. मग एक्स आधी बदलतो आणि वाय थोड्या वेळाने. दोन्ही किमती आधी भरून ठेवायच्या आणि एलडॅकने एकदम बाहेर सोडायच्या, असा आमचा शिरस्ता आहे. सेकंदाला ३०,००० पॉइंट (चित्रातले ठिपके) म्हणजे एका पॉइंटला ३३ मायक्रोसेकंद. एवढा काटेकोर वेळ संगणकाने सांभाळावा ही अपेक्षाच चुकीची आहे. विंडोजचा नेहमीचा टायमर १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतो. त्यामुळे डॅकमध्ये दोन फ्रेमचा, म्हणजे दोन पूर्ण चित्रांचा, बफर (आगाऊ साठा) असतो. तो रिकामा पडला की रंग शून्य होतात. शेवटचा पॉइंट धरून ठेवायचा नाही, कारण स्थिर उभा राहिलेला पेटता किरण हाच सगळ्यात धोकादायक.

डॅकला कनेक्टर कुठला लावायचा यावर फारसा वाद झाला नाही. १९८६ पासून काम करणाऱ्या इंटरनॅशनल लेझर डिस्प्ले असोसिएशनने, म्हणजे सगळे जिला इल्डा म्हणतात त्या संस्थेने, डीबी-२५ ची जोडणी ठरवून दिली आहे. ती पाळली की आमचा डॅक दुसऱ्याच्या प्रोजेक्टरला चालतो आणि उलटही. पिन १ आणि १४ एक्सच्या, २ आणि १५ वायच्या, ५ आणि १८ लाल, ६ आणि १९ हिरवा, ७ आणि २० निळा, १३ शटर, २५ ग्राउंड. एक्स आणि वायचे सिग्नल जोडीने येतात: एक तार वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली, आणि दोन्हींतला फरक उणे १० ते अधिक १० व्होल्ट. घरी केबल बनवणारा उणे बाजूची तार सोडून देतो आणि मग ‘चित्र निम्मंच येतंय’ असा फोन येतो. दुसरी हमखास तक्रार म्हणजे लेझर पेटतच नाही. तेव्हा पिन ४ आणि १७ पाहायच्या. ते इंटरलॉक आहे. कंट्रोलरच्या बाजूला त्यांचं वर्तुळ पूर्ण झालं नाही तर प्रोजेक्टरने गप्प बसणं हेच बरोबर. जुन्या सिरियल केबलमध्ये पंचवीसपैकी मोजक्याच तारा असतात, त्यामुळे केबल वापरण्याआधी प्रत्येक पिन मीटरने तपासावी.

आता गॅल्व्हो. सगळ्यात जास्त खल आम्ही इथेच केला. सगळ्यात स्वस्त प्रोजेक्टरमध्ये स्टेपर मोटरवर आरसा असतो. ठरावीक नक्ष्या फिरवायला तो ठीक, पण अक्षर काढायला घेतलं की त्याचं पितळ उघडं पडतं. आरसा नेमका कुठे आहे हे सांगणारा सेन्सर असलेली, म्हणजे क्लोज्ड लूप गॅल्व्होंची जोडी (एक एक्सचा, एक वायचा) हवीच. आमच्या संचात २० के आणि ३० के (सेकंदाला २० आणि ३० हजार पॉइंट) अशा दोन जोड्या आहेत आणि नवख्याला आम्ही २० केच देतो. जाहिरातीतला ‘३० के’ हा आकडा ८ अंशांच्या कोनात मोजायचा असतो. चित्र ३० अंशांपर्यंत पसरवून तोच वेग मागितला तर कोपरे गोल होतात, कॉइल तापते आणि शेवटी जळते.

ट्यूनिंगसाठी इल्डाची चाचणी आकृती वापरतात. मधल्या चौकोनात एक वर्तुळ असतं. फाइलमध्ये त्याचे पॉइंट चौकोनाच्या बाहेर दिलेले आहेत, पण ठरलेल्या वेगाला आरसा तिथपर्यंत पोचू शकत नाही आणि वर्तुळ आतून चौकोनाला जेमतेम टेकतं. टेकलं तर जोडी बरोबर लागली. बाहेर आलं तर प्रतिसाद गरजेपेक्षा जलद आहे, आत लहान राहिलं तर मंद. चौकोनाच्या कोपऱ्यापाशी आकडी दिसली तर डॅम्पिंग (आरशाला घातलेला आवर) कमी पडतंय, कोपरा गोल झाला तर जास्त. आधी १२ के वेगात, छोट्या आकारात बघायचं आणि मगच वेग वाढवायचा. प्रीसेट (बोर्डवरचा जुळवणीचा स्क्रू) एका वेळी अष्टमांश वळणापेक्षा जास्त फिरवायचा नाही, तोही प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने. आणि गॅल्व्होतून शिटीसारखा बारीक आवाज आला की काही न बघता वीज बंद. तो आवाज म्हणजे लूप स्वतःच थरथरतोय. अशा वेळी कॉइल जळायला फार वेळ लागत नाही. संचासोबत आम्ही प्रत्येक जोडीच्या प्रीसेटचा ट्यूनिंगनंतरचा फोटो देतो. कुणी फिरवाफिरवी केली तरी परत मूळ जागी येता येतं.

लेझरच्या बाबतीत बाजार झपाट्याने बदलला आणि आमची यादीही. पूर्वी हिरवा म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा डीपीएसएस, म्हणजे डायोडच्या उजेडाने स्फटिक चालवणारा लेझर. स्फटिकांमधून काढलेला तो किरण दिसायला देखणा, पण थंडीत मंद होतो, झटपट चालू-बंद करायला कुरकुरतो आणि फिल्टर नसेल तर अदृश्य अवरक्त किरणही बाहेर सोडतो. ५२० नॅनोमीटरचे थेट डायोड आवाक्यात आल्यावर आम्ही तो विषय बंद केला. लाल ६३८ चा घेतो, ६५० चा नाही. उजेडात डोळ्याची संवेदनशीलता ६३८ ला ६५० च्या जवळजवळ पावणेदोन पट आहे. म्हणजे तितक्याच मिलिवॉटमध्ये जास्त उजळ लाल. निळा ४५० चा. तो वॉटच्या मानाने सगळ्यात स्वस्त आणि डोळ्याला सगळ्यात मंद, म्हणून ‘एकूण तीन वॉट’ लिहिलेल्या प्रोजेक्टरमध्ये बरेचदा निळाच कोंबलेला असतो. एकूण आकडा विचारू नका, तिन्ही रंगांचा वेगवेगळा विचारा.

लेझर डायोडला वीज देणारा ड्रायव्हर स्थिर करंटचा आणि अॅनालॉग मॉड्युलेशनचा, म्हणजे उजळपणा हळूहळू कमी-जास्त करणारा, हवा. टीटीएल ड्रायव्हर फक्त चालू-बंद जाणतो, त्यामुळे तीन लेझरमधून सातच रंग निघतात. अॅनालॉग ड्रायव्हरवर बायस (शून्य सिग्नललाही वाहणारा करंट) डायोड पेटण्याच्या किंचित खाली ठेवायचा. खूप खाली ठेवला तर गडद छटा गायबच होतात, वर ठेवला तर बंद असायला हवा तिथेही पुसट रेघ दिसते. डायोड मरतात ते मुख्यतः हाताळताना: अंगातली स्थिर वीज, किंवा ड्रायव्हरच्या आउटपुट कपॅसिटरमध्ये चार्ज असताना डायोड जोडणं. आधी वीज बंद, मग आउटपुट रेझिस्टरमधून रिकामं, मग सोल्डरिंग.

तीन किरण दोन डायक्रॉइक (एक रंग आरपार सोडणाऱ्या, दुसरा परतवणाऱ्या) आरशांनी एकावर एक बसवायचे. जवळच्या ठिपक्याला आरसा सरकवून, लांबच्या ठिपक्याला कोन बदलून. एक मीटर आणि दहा मीटर असं आलटून पालटून, दोन्हीकडे एकच ठिपका दिसेपर्यंत. आरसे चिकटवायला झटपट सुकणारा गोंद वापरू नये, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. हॉट ग्लू डबा तापला की ढिला होतो आणि पांढऱ्या रेघेच्या कडेला लाल-निळी किनार दिसू लागते. इपॉक्सी उत्तम.

सॉफ्टवेअर आम्ही फुकट ठेवलं आहे. ते आमच्या डॅकसोबत हेलिऑस आणि इथर ड्रीम या डॅकनाही चालतं. कारण साधं आहे: सॉफ्टवेअर ओळखीचं झालं की लोक हार्डवेअर निर्धास्त घेतात. त्यातलं खरं काम चित्र काढण्याचं नाही, पॉइंट वाटण्याचं आहे. ३० केला ६०० पॉइंटची फ्रेम सेकंदाला ५० वेळा फिरते. १,२०० झाले की २५ वेळा, आणि चित्र लुकलुकायला लागतं. म्हणून सरळ रेघेवर कमी पॉइंट, कोपऱ्यावर तीन-चार जास्त, आणि दोन आकृत्यांमधली विझवलेली उडी शक्य तितकी छोटी. आरसा आज्ञेच्या मागे राहतो, लेझर मात्र लगेच पेटतो. त्यामुळे रंग चार ते सहा पॉइंट उशिरा पाठवावे लागतात. हा आकडा चुकला की प्रत्येक रेघेला एका टोकाला शेपूट फुटतं आणि दुसरं टोक तुटतं. स्लायडर हलवत दोन्ही टोकं नीट होतील तिथे थांबायचं. वेग बदलला की पुन्हा लावायचं.

देवनागरी अक्षरांसाठी वेगळी खटपट करावी लागली. नेहमीचा फाँट अक्षराची बाह्यरेषा देतो, म्हणजे प्रत्येक दांडा दोनदा काढायचा आणि पॉइंट दुप्पट. आम्ही एकरेषी अक्षरं बनवली आणि शिरोरेषा अक्षरागणिक न काढता शब्दाच्या शेवटी एका झटक्यात ओढली. उड्या कमी झाल्या आणि पाच-सहा अक्षरांचा शब्द २० के जोडीवरही स्थिर दिसतो. जोडाक्षरं अजून थोडी जड जातात.

ज्यांना स्वतः प्रोग्राम लिहायचा आहे त्यांच्यासाठी दोन टिपा. इल्डाने ठरवलेल्या चित्राच्या फाइलमध्ये १६ बिटांच्या संख्येचा मोठा बाइट आधी येतो. उलटा वाचला तर चित्राऐवजी ठिपक्यांचा सडा मिळतो. फॉरमॅट ४ आणि ५ मध्ये रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. लाल फूल निळं दिसलं तर दोष तारांचा नाही.

सुरक्षेवर आम्ही घासाघीस करत नाही. लेझरचे धोक्यानुसार क्लास पडतात: दृश्य किरणाचा क्लास २ एक मिलिवॉटपर्यंत, ३आर पाच मिलिवॉटपर्यंत, ३बी ५०० पर्यंत, त्यापुढे सगळा क्लास ४. पापणी मिटायला लागणाऱ्या पाव सेकंदासाठी डोळ्याची मर्यादा चौरस सेंटिमीटरला अडीच मिलिवॉटच्या आसपास आहे. सात मिलिमीटरच्या बाहुलीतून ती जवळपास एक मिलिवॉट होते. म्हणजे घरगुती वाटणारा ३०० मिलिवॉटचा बारीक किरण थेट डोळ्यात गेला तर मर्यादेच्या ३०० पट. त्यामुळे शिकाऊ संचात आम्ही एक मिलिवॉटच्या आतला क्लास २ मॉड्यूलच देतो. ट्यूनिंग, केबल, सॉफ्टवेअर हे सगळं त्यावर शिकून होतं. मोठे डायोड वेगळे घ्यावे लागतात, आणि प्रोजेक्टरला किल्लीचा स्विच, इंटरलॉक, हाताशी बंद करायचं बटण आणि गॅल्व्हो थांबला की किरण तोडणारं स्कॅन-फेल सर्किट लावल्याशिवाय ते देत नाही. त्या सर्किटचा खर्च एका गॅल्व्होच्या तुलनेत किरकोळ आहे, तरी ‘ते काढून किंमत कमी करा’ म्हणणारे भेटतातच. प्रेक्षकांवर किरण फिरवायचा असेल तर आमची साधनं घेऊ नका, असं स्पष्ट सांगतो. त्यासाठी मोजमाप करणारा जाणकार लागतो. किरण लोकांच्या पायाखालच्या जमिनीपासून किमान तीन मीटर उंच ठेवावा, चकचकीत काच वाटेत नसावी, आणि बाहेर असाल तर आकाशाकडे मुळीच नाही. मोबाइलचा कॅमेराही किरणाच्या वाटेत धरू नये, सेन्सरवर कायमची रेघ उठते.

सुटे भाग आम्ही स्वतंत्र विकतो: आरसा, गॅल्व्होची केबल, ड्रायव्हर बोर्ड, डायक्रॉइक. दुरुस्तीला आलेल्या प्रोजेक्टरमध्ये ‘लेझर मंदावला’ ही तक्रार असेल तर डायोड तपासण्याआधी आरसे आणि पुढची काच बघतो. फॉग मशीनचा धूर तेलकट असेल तर त्याचा थर तिथे बसतो आणि उजेड खातो. लेन्ससाठीचा कागद, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, एकाच दिशेने एकदाच ओढायचा, मग नवा कागद. गॅल्व्होच्या आरशाला हात लावण्याआधी वीज काढायची आणि आरसा दाबायचा नाही, त्याचा दांडा वाकतो.