पाषाणला, रेणूचा कल पाहायला

साताऱ्याची एसटी स्वारगेटला सोडली आणि मेट्रोने शिवाजीनगर गाठलं. रिक्षा विद्यापीठ चौकाच्या कोंडीतून सुटली, की पाषाण रस्त्यावर एकदम सावली लागते. १९५० सालापासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच रस्त्यावर. मला मात्र जायचं होतं जवळच्याच एका प्रयोगशाळेत, क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन उडवणारं यंत्र पाहायला.

यंत्र म्हणजे चकचकीत पोलादी पात्र, जागोजागी ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळलेली. आतली हवा काढताना ते तापवतात, भिंतींना चिकटलेलं पाणी सुटावं म्हणून. पंपांची घरघर अखंड चालू.

"काका, हा आलेख बघा," संशोधन करणारी मुलगी म्हणाली. निकेलच्या स्फटिकावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा जुना, गाजलेला प्रयोग तिने समजावला. ॲल्युमिनियमच्या क्ष-किरणाची ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. कार्बनच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे २८५ लागतात, उरलेले १२०० घेऊन तो निघतो. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो; त्या वेगाला त्याची तरंगलांबी भरते ०.३५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), म्हणजे रेणूतल्या कार्बन-ऑक्सिजन अंतराच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

इलेक्ट्रॉनची लाट थेट बाहेर येते आणि तिचाच काही भाग शेजारच्या ऑक्सिजनवर विखुरतो. पाषाण तलावात दोन खडे टाकावेत तशा दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात: कुठे जोर वाढतो, कुठे मावळतो. बंधाच्याच दिशेत दोघींच्या वाटेत फरक उरत नाही, म्हणून तिथे इलेक्ट्रॉन जास्त सापडतात. नमुना फिरवत मोजत गेलं, तर शिखर पृष्ठभागाला बरोबर काटकोनात येतं. रेणू ताठ उभा आहे, कार्बन खाली, ऑक्सिजन वर! तिरपा असता तर शिखर सरकलं असतं. रेणू डोळ्यांना न दिसता त्याचा कल कळतो, हे मला फार मोठं वाटतं. निकेलवर याच वायूपासून मिथेन बनतो, त्यामुळे तो कसा बसतो हे उत्प्रेरकवाल्यांना हवंच असतं.

त्या दिवशी यंत्रात मात्र उत्प्रेरकाची पूड होती. पुडीतल्या कणांची तोंडं दहा दिशांना, त्यामुळे लाटा मिसळून उमटणारी नक्षी, म्हणजे व्यतिकरणाची नक्षी, पुसली जाते. त्या नक्षीसाठी एकसंध स्फटिकच लागतो. कार्बनचं खालच्या निकेल अणूपासूनचं अंतर हवं असेल, तर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बरे, कारण ते मागेही चांगले विखुरतात. त्यासाठी किरणांची ऊर्जा हवी तशी बदलता यावी लागते. "मग सिंक्रोट्रॉनच गाठायला हवा," ती म्हणाली. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून हव्या त्या ऊर्जेचे किरण देणारं मोठं यंत्र. आपल्याकडचा, इंडस-२, इंदूरला आहे. परतताना एसटीत बसल्या बसल्या मी इंदूरच्या गाड्या पाहून ठेवल्या.